लूपच्या आधी सरळ रेषा: आरसी विमानाच्या कसरती शिकताना

आरसी, म्हणजे रेडिओ रिमोटवर उडणारं छोटं विमान जमिनीवरून उचलता आलं, मैदानावर चार चकरा मारता आल्या आणि ते धड उतरवता आलं, की महिनाभरात हात शिवशिवायला लागतात. शेजारचा कुणीतरी सहज रोल मारतो (विमान स्वतःभोवती पूर्ण फिरवतो), आपणही रिमोटची स्टिक एका बाजूला दाबतो आणि पुढच्या तीन सेकंदांत काय झालं ते आपल्याला आठवत नाही. आठवतं ते फक्त विमानाचे तुकडे गोळा करत चालणं.

माझंही तसंच झालं. म्हणून हा लेख मी मला त्या वेळी हवा होता तसा लिहितोय. ज्यांना चार चॅनेलचं विमान (थ्रॉटल म्हणजे मोटरचा जोर, एलेरॉन म्हणजे विमान कडेला कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या, एलेव्हेटर म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी पट्टी, रडर म्हणजे नाक डावं-उजवं करणारी उभी पट्टी) कुणाच्या मदतीशिवाय उडवता आणि उतरवता येतं, त्यांच्यासाठी तो आहे. अजून लँडिंगला घाम फुटत असेल तर आधी ते पक्कं करा.

विमान कोणतं

शिकाऊ विमानाचे पंख वर असतात आणि टोकांकडे किंचित उचललेले असतात. त्यामुळे स्टिक सोडली की ते आपोआप सरळ होतं. शिकताना हे वरदान आहे, पण कसरतीत तेच आडवं येतं. उलटं केलं की ते सारखं सुलटं व्हायला बघतं. लूप (विमान उभ्या गोलात फिरवणं) आणि जाडाभरडा रोल अशा विमानावरही शिकता येतो. त्यापुढे जायचं तर पंख मध्यावर किंवा खाली असलेलं, पंखात उचल नसलेलं विमान हवं.

माझा सल्ला आहे की पहिलं कसरतीचं विमान ईपीपी फोमचं घ्या, पंखांची लांबी साधारण एक मीटर. बाल्सा लाकडाचं विमान सुंदर उडतं, पण एकदा आपटलं की महिनाभराचं काम काढतं. ईपीपी वाकतं, चेपतं आणि हॉट ग्लूने पुन्हा जोडलं जातं. साधं फेविक्विकही ईपीपीला चालतं. थर्माकोल किंवा डेप्रॉनवर मात्र ते टाकू नका, फोम डोळ्यांदेखत विरघळतो.

मोटरमध्ये किती दम आहे हे प्रवासाच्या बॅगा तोलायच्या हुकवाल्या डिजिटल काट्याने कळतं. काटा एखाद्या खांबाला अडकवा, विमानाची शेपटी दोरीने काट्याला बांधा, समोर कुणी उभं नाही ना बघा आणि पूर्ण थ्रॉटल द्या. विमानाचं वजन ९०० ग्रॅम आणि काटा ६०० दाखवत असेल तर लूप निघेल, पण विमान सरळ वर चढताना दमेल. काटा ९०० च्या वर गेला तर उभ्या रेषाही काढता येतील.

टेबलावरचा तास

हा भाग कंटाळवाणा आहे आणि बहुतेक लोक इथेच घाई करतात. प्रोपेलर काढून ठेवा, मग बसा.

पहिलं काम गुरुत्वमध्याचं. पुस्तिकेत दिलेल्या जागी पंखाखाली दोन बोटं धरून विमान उचला. ते आडवं राहिलं पाहिजे किंवा नाक अगदी किंचित खाली झुकलं पाहिजे. पुस्तिका हरवली असेल तर साध्या सरळ पंखाला, पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतराच्या पट्ट्यात सुरुवात करा, आणि पहिल्या दिवशी पावाच्या जवळ राहा. शेपूट जड असलेलं विमान अंगावर येतं. नाक जड असलेलं फक्त आळशी होतं.

दुसरं काम फार कमी लोक करतात. एक बोट मोटरच्या दांड्याखाली, दुसरं शेपटीखाली धरून विमान तोला. एक पंख सारखा खाली जात असेल तर दुसऱ्या पंखाच्या टोकाला लहानसा खिळा किंवा शिशाचा तुकडा चिकटवा. साध्या उडण्यात हा फरक कळत नाही, लूपमध्ये लगेच कळतो. स्टिक ओढली की जड पंख मागे पडतो आणि लूपचं स्प्रिंग होतं.

तिसरं काम ट्रान्समीटरमधलं, म्हणजे हातातल्या रिमोटमधलं. ड्युअल रेट म्हणजे एका स्विचवर कंट्रोलची हालचाल कमी आणि जास्त करण्याची सोय. कमी रेटवर एलेव्हेटर १० ते १५ अंश हलला तरी शिकायला पुरतो. व्हिडिओत दिसणारे ४५ अंश तुमच्यासाठी नाहीत, निदान ह्या वर्षी नाहीत. त्याबरोबर साधारण ३० टक्के एक्स्पो द्या, म्हणजे स्टिक मध्यावर मऊ राहते आणि टोकाकडे जोर येतो. इथे एक सापळा आहे. फुटाबा कंपनीच्या ट्रान्समीटरवर स्टिक मऊ करायला एक्स्पो उणे आकड्यात भरतात, स्पेक्ट्रमवर अधिक. उलट चिन्ह पडलं तर विमान शिंक आल्यासारखं उडतं. आकडा भरून झाला की स्टिक थोडी हलवून पंखाकडे बघा, किती हललं ते डोळ्यांना दिसतंच.

शेवटी फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की मोटर आपोआप थांबण्याची सोय. प्रोपेलर काढलेलाच असू द्या, थ्रॉटल अर्धा द्या आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबली पाहिजे. थांबत नसेल तर ते विमान उडवायचं नाही.

जागा, वेळ आणि नियम

भारतात ड्रोन नियम २०२१ लागू आहेत आणि पंखांचं विमानही त्यातून सुटत नाही. २५० ग्रॅमपर्यंतचं नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचं मायक्रो. ह्या दोन गटांत निव्वळ हौसेसाठी उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. जागेचं बंधन मात्र सगळ्यांना आहे. डिजिटल स्काय ह्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपलं मैदान हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघा. तिथे कमाल उंची ४०० फूट. विमानतळ किंवा हवाई दलाचा तळ जवळ असलेल्या शहरांत बराच भाग पिवळा नाहीतर लाल निघतो, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या मंडळींना गावाबाहेर जाणं आलंच.

पीक निघालेलं शेत उत्तम. शेतकऱ्याला विचारून, आणि पहिल्या दिवशी त्याच्या मुलांना विमान हातात धरू देऊन उतरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी साडेनऊपर्यंत हवा शांत मिळते. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा उसळते आणि विमान आपण न सांगता वर-खाली होतं. शिकण्यासाठी ती वेळ नव्हे. संक्रांतीच्या आठवड्यात मांजा सगळीकडे असतो, तेव्हा घरी बसून सिम्युलेटर चालवा. पिकासिम फुकट आहे. फ्लायस्काय आय-६ सारखा स्वस्त ट्रान्समीटरही केबलने संगणकाला जोडता येतो. सिम्युलेटरवर विमान आपटलं तर एक बटण दाबायचं असतं. हा फायदा मला फार उशिरा कळला.

आधी सरळ रेषा

मला कसरत शिकवली ती माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान असलेल्या एका इंजिनिअरिंगच्या पोराने. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "मला लूप दाखव." तो म्हणाला, "काका, आधी सरळ उडवून दाखवा."

मला राग आला. मग मी उडवलं आणि लक्षात आलं की माझं सरळ हे सरळ नव्हतंच. मैदानाच्या ह्या टोकाकडून त्या टोकाकडे जाताना विमान दहा मीटर माझ्याकडे सरकत होतं आणि पाच मीटर खाली येत होतं. त्यातून लूप काढला असता तर तो वाकडाच निघाला असता, कारण लूपची सुरुवात वाकडी.

तेव्हा पहिल्या चार-पाच बॅटऱ्या ह्याच कामात घालवा. आपल्यापासून पन्नासेक मीटरवर, समोरून जाणारी एक काल्पनिक रेषा धरा. त्या रेषेवर एकाच उंचीने जा, वळा, परत या. दोन्ही दिशांनी. प्रत्येकाचा एक हातखंडा वळणाचा हात असतो, बहुतेकांचा डावा. दुसरा मुद्दाम गिरवा. ट्रिम (स्टिकचा मध्य किंचित सरकवणारी बटणं) असं लावा की अर्ध्या थ्रॉटलवर स्टिक सोडली तर पाच सेकंद विमान आपल्या वाटेने जाईल.

विमान आपल्या दिशेने येताना डावं-उजवं उलटं वाटतं. त्यावर जुना उपाय आहे. जो पंख खाली झुकलाय, त्या बाजूला स्टिक न्या, जणू त्या पंखाखाली टेकू देताय. विचार करत बसू नका.

उंचीबद्दल एकच हिशोब ठेवा. एक चूक झाली, ती निस्तरताना दुसरी झाली, घाबरून तिसरी झाली, तरी खाली हवा उरली पाहिजे. सुरुवातीला ५० मीटर धरा, म्हणजे साधारण पंधरा-सोळा मजली इमारत. फार वर गेलात तर विमान ठिपका होतं आणि कोणती बाजू वर आहे हेच कळत नाही.

लूप

वाऱ्याच्या तोंडावर या. पूर्ण थ्रॉटल, दोन सेकंद सरळ. आता पंखांकडे बघा: दोन्ही एका पातळीत आहेत? ह्या प्रश्नातच निम्मा लूप आहे. एक पंख जरासा खाली असताना ओढलंत तर विमान तिरक्या चाकासारखं फिरून भलतीकडे बाहेर पडतं.

पातळीत असेल तर एलेव्हेटर हळूच मागे घ्या. झटका नको. विमान उभं चढायला लागतं, वेग उतरतो. डोक्यावर, उलटं असताना ओढ किंचित सैल करा, कारण तिथे गुरुत्वाकर्षण तुमच्या बाजूचं असतं. सैल केली नाही तर गोलाऐवजी वरून चिमटलेला आकार येतो. उतरणीला लागलं की थ्रॉटल कमी करा. खाली येताना पुन्हा ओढ वाढवा, ज्या उंचीवर शिरलात त्याच उंचीवर सरळ व्हा आणि थ्रॉटल द्या.

वर पोचण्याआधीच विमान गळून पडलं तर शिरताना वेग कमी होता. किंचित सूर मारून वेग घ्या. ओढताच एकदम उसळून एका बाजूला कोलमडलं तर एलेव्हेटर जास्त आहे, पंखावरची हवा सुटतेय. रेट कमी करा. प्रत्येक लूप एकाच बाजूला घसरत असेल तर टेबलावर परत जा आणि पंखांचा तोल बघा. वाऱ्याने लूप मागे वाहून नेला तर मात्र तुमची चूक नाही. तो गोल ठेवणं ही पुढच्या वर्षीची गोष्ट.

जाता जाता एक गोष्ट. खऱ्या विमानाचा पहिला लूप १९१३ साली कीव्ह इथे प्योत्र नेस्तेरोव्ह ह्या रशियन सैनिकी वैमानिकाने मारला. सरकारी मालमत्ता धोक्यात घातली म्हणून वरिष्ठांनी त्याला दहा दिवसांची अटक सुनावली. काही दिवसांतच फ्रान्समध्ये अडोल्फ पेगूने लूप मारून वाहवा मिळवली, तेव्हा कुठे नेस्तेरोव्हची शिक्षा गेली आणि बढती आली. घरच्यांनी विमानाच्या खर्चावरून बोल लावले की मला नेस्तेरोव्ह आठवतो.

रोल, आणि उलटं असताना काय करायचं नाही

रोल दिसायला लूपपेक्षा सोपा. विमानं मात्र जास्त रोलमध्येच जातात.

तीन-चतुर्थांश थ्रॉटल, सरळ रेषा. नाक दहा-पंधरा अंश वर उचला आणि मग एलेव्हेटर पूर्ण सोडा. ही सोडण्याची पायरी विसरू नका. एलेव्हेटर धरून ठेवून एलेरॉन दिलात तर विमान पिंपाच्या आतल्या भिंतीवरून फिरल्यासारखं मोठा वळसा घेतं आणि उंची गमावतं. सोडलंत? आता एलेरॉन एका बाजूला पूर्ण दाबा आणि दाबूनच ठेवा. विमान उलटं झालं की एलेव्हेटर किंचित पुढे ढकला, कारण आता नाक वर ठेवायला ढकलावं लागतं. सुलटं होताच दोन्ही मध्यावर.

गडबड होते ती ह्या 'ढकला'पाशी. आजवर प्रत्येक संकटात आपण एलेव्हेटर ओढलाय आणि विमान वर आलंय. विमान उलटं आहे, नाक खाली चाललंय, अंगठा सवयीने ओढतो. उलटं विमान ओढल्यावर पोटाकडे नव्हे, जमिनीकडे वळतं. माझं पहिलं ईपीपी असंच गेलं: वीसेक मीटरवरून, पूर्ण थ्रॉटलवर, नांगरलेल्या रानात नाक खुपसून. मोटर मातीत, बॅटरी मोटरच्या जागी. पोरगा मागून "काका, ढकला! ढकला!" ओरडत होता आणि मी ओढतच होतो.

म्हणून रोलआधी हे गिरवा. उंच जा, अर्धा रोल करा, विमान उलटं धरा, तोंडाने 'ढकल' म्हणा, एक सेकंद थांबा, पुन्हा अर्धा रोल करून सुलटं या. मग दोन सेकंद. मग पाच. काहीही बिनसलं तर सुटकेची वाट एकच: ओढायचं नाही, एलेरॉन देऊन सुलटं व्हायचं. अंगठ्यांना हे पाठ होईपर्यंत पुढे जाऊ नका. सिम्युलेटरचे पैसे (फुकट असला तरी वेळेचे) इथेच वसूल होतात.

उलटं उडवताना एलेरॉनची दिशा बदलत नाही. उजवीकडे दिलात तर विमान उजवीकडेच वळतं. बदलतात ते एलेव्हेटर आणि रडर. हे एकदा डोक्यात बसलं की उलट्या चकराही येतात.

गुरुत्वमध्य तपासायची सगळ्यात चांगली परीक्षाही हीच. विमान उलटं धरायला खूप ढकलावं लागत असेल तर नाक जड आहे, बॅटरी पाच मिलिमीटर मागे सरकवा. काहीच न ढकलता ते आपणहून वर जात असेल तर शेपूट जड आहे, बॅटरी पुढे घ्या. अगदी हलकं बोट लावून राहिलं की जमलं. एका वेळी पाच मिलिमीटरच. एकदम दोन सेंटिमीटर सरकवणारे लोक मी बघितलेत आणि त्यांची विमानंही.

जोडकाम

लूप आणि रोल आले की बाकीचे आकार त्यांच्याच तुकड्यांतून बनतात.

अर्धा लूप वर, मग माथ्यावर अर्धा रोल: इमेलमान. पहिल्या महायुद्धातला जर्मन वैमानिक माक्स इमेलमान ह्याचं हे नाव. उंची मिळते, दिशा उलटते. याच्या उलट, आधी अर्धा रोल आणि मग खाली अर्धा लूप, म्हणजे स्प्लिट-एस. वर सांगितलेला माझा अपघात हा न ठरवता केलेला स्प्लिट-एस होता. ठरवून करायचा तर नेहमीच्या दुप्पट उंचीवर, थ्रॉटल शून्य करून.

क्यूबन एट मला सगळ्यांत आवडतो. लूपचा माथा ओलांडून विमान ४५ अंशांत उलटं खाली येत असताना ओढ थांबवा, त्या तिरक्या रेषेवर अर्धा रोल करून सुलटं व्हा, खाली येऊन पुन्हा तेच. आडवा पडलेला आठ. रोल रेषेच्या बरोबर मध्यावर आला पाहिजे. तो नेहमी उशिरा येतो, त्यामुळे वाटतं त्याच्या जरा आधी करा.

स्टॉल टर्न

इथे रडरचं खरं काम आहे. वाऱ्याच्या तोंडावर पूर्ण थ्रॉटल, पाव लूपने विमान उभं करा आणि ओढ सोडा. ते खरंच उभं आहे का, की पाठीकडे झुकलंय? आता थ्रॉटल साधारण एक चतुर्थांशावर आणा. शून्य करू नका. प्रोपेलरची हवा रडरवर पडत राहिली पाहिजे. विमान थांबण्याच्या क्षणभर आधी रडर पूर्ण द्या. नाक कडेने फिरून खाली येईल. थ्रॉटल शून्य, सरळ खाली, मग हळू ओढून आडवं.

उशीर केलात तर विमान शेपटीवर मागे घसरतं आणि कुठेही तोंड करतं. लवकर दिलंत तर वळण रुंद कमानीसारखं दिसतं. नेहमीच्या दिशेने फिरणाऱ्या प्रोपेलरवर डावीकडचा टर्न सोपा जातो, तिथून सुरू करा.

स्पिन त्यामानाने सोपा आहे: उंचीवर थ्रॉटल शून्य, एलेव्हेटर ओढत वेग संपवा, नाक पडताच रडर पूर्ण एका बाजूला. दोन-तीन गिरक्यांनंतर सगळं सोडा. फिरणं थांबलं नाही तर उलटा रडर, थांबलं की हळू ओढा. नवं विमान स्पिनमधून कसं सुटतं हे पहिल्यांदा बघताना शक्य तितक्या उंचीवरच बघा.

नाइफ एज, म्हणजे पंख उभे करून रडरच्या जोरावर कडेने उडणं, यासाठी घाई करू नका. त्यात प्रत्येक विमान आपला स्वभाव दाखवतं, कुणी पोटाकडे ओढतं, कुणी सुलटं व्हायला बघतं. ते ट्रान्समीटरमधल्या मिक्सिंगने (एका स्टिकबरोबर दुसरी पट्टीही आपोआप हलवणाऱ्या सोयीने) जिरवावं लागतं. प्रोपेलरवर लटकणं त्याच्याही पुढचं.

चिठ्ठी

पाच आकार आले की चिठ्ठी लिहा: लूप, स्टॉल टर्न, रोल, अर्धा क्यूबन, उलटी सरळ रेषा. ट्रान्समीटरच्या मागे चिकटवा आणि त्याच क्रमाने उडवा. आकाशात सुचेल ते करणाऱ्याचे आकार कधी सुधारत नाहीत. एफएआय ह्या आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या एफ-३-ए ह्या जागतिक स्पर्धाप्रकारातही असाच ठरलेला क्रम असतो. तिथे विमान लांबी-रुंदीला दोन-दोन मीटरच्या आत लागतं आणि पंच प्रत्येक आकाराला शून्य ते दहा गुण देतात. आकार कागदावर काढायला अरेस्ती ह्या स्पॅनिश वैमानिकाची चिन्हलिपी आहे. थोडी शिकून घ्या, मजा येते. मित्राला मोबाइलवर चित्रण करायला सांगा. हाताला गोल वाटलेला लूप पडद्यावर अंड्यासारखा दिसतो.

टायमर लावल्याशिवाय उडू नका. तीन सेलची २२०० एमएएचची बॅटरी असेल तर पहिल्यांदा पाच मिनिटं. उतरल्यावर प्रत्येक सेल ३.७ व्होल्टच्या वर उरला असेल तर मिनिट वाढवा. उंच, दमाच्या कसरती आधी करा; शेवटच्या मिनिटात मोटर थकलेली असते आणि तुम्हीही. आठवडाभर उडवणार नसाल तर सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा, आणि आपटलेली किंवा फुगलेली बॅटरी चार्जरला लावू नका, घरात तर नाहीच.

आणि विमान उसात गेलं तर? आधी थ्रॉटल शून्य. मग जागचे हलू नका. जिथे पडताना दिसलं त्याच्या मागचं एखादं झाड, खांब, टॉवर डोळ्यांनी धरून ठेवा आणि हात त्या दिशेला ताठ ठेवून उभे राहा. उसात दुसऱ्याला पाठवा आणि त्याला ओरडून डावं-उजवं सांगा. दोघेही आत शिरलात की चार सऱ्यांनंतर दिशा संपते, पाती अंगभर कापतात आणि विमान तोडणी होईपर्यंत मिळत नाही. माझं दुसरं विमान फेब्रुवारीत तोडणीवाल्यांनी आणून दिलं. सर्व्हो (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) अजून चालत होते.